मॅथ्यूसनचं पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर का येतं?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक मूळचे सांगलीचे, गेली पंचवीसेक वर्षं न्यू जर्सीत स्थायिक. पन्नाशी ओलांडलेली. कॉलेजात असताना लेगस्पिन टाकायचे. मुलाला लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, सामन्यांना नेता-आणता बेसबॉलचा नाद लागला आणि त्यातून ख्रिस्टी मॅथ्यूसन या शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या पिचरचे (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे) जुने फोटो जमवण्याचा. आज संग्रहात चाळीसच्या आसपास फोटो आहेत. आता एका लिलावात १९१० च्या सुमाराचं, मागे फोटोग्राफरचा शिक्का असलेलं पोर्ट्रेट आलं आहे. अंदाजित किंमत अकरा हजार डॉलर. तेवढे पैसे आहेत, पण ते पती-पत्नींनी मिळून स्वयंपाकघराच्या कामासाठी बाजूला काढलेले. पत्नीला छंद ठाऊक आहे, किमती ठाऊक नाहीत. मुलगा म्हणतो, "तो खेळ तेव्हा फक्त गोऱ्यांचा होता, तुमचा त्याच्याशी संबंध काय?" पत्रलेखकांचे प्रश्न तीन: फोटो घ्यावा का, तो अस्सल आहे हे कसं ओळखावं, आणि आपल्यानंतर कुणालाच नको असेल तर हे जमवायचं कशाला?

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानी आहे. साडेतीन पानं मॅथ्यूसन आणि त्याचे फोटो, उरलेल्या अर्ध्यात लिलाव, आणि पत्नी तीन ओळींत. 'तिला यातलं काही कळत नाही' ही त्या तिनांतली एक. पण तुम्हीच लिहिता की पार्सलं ऑफिसात येतात, पावत्या वेगळ्या ईमेलवर येतात आणि फोटो खालच्या कप्प्यात कुलपात असतात. एवढा बंदोबस्त केल्यावर घरात कुणाला काय कळणार? त्या ओळीकडे परत यायचंच आहे. आधी मुलाचं बोलणं घेऊ, कारण ते तुम्हाला लागलेलं दिसतं.

मुलगा बऱ्याच अंशी बरोबर आहे. मॅथ्यूसन १९०० ते १९१६ न्यूयॉर्क जायंट्स या संघाकडून खेळला. त्या सगळ्या काळात मोठ्या लीगचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं, आणि ते जॅकी रॉबिन्सनसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. हे त्याने बोलून दाखवलं याचं मला कौतुकच वाटलं. मात्र 'फक्त गोऱ्यांचा' म्हणताना काही माणसं त्याच्या नजरेतून सुटली. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेत, मॅथ्यूसनने सहा दिवसांत तीन पूर्ण सामने टाकले आणि सत्तावीस इनिंग्जमध्ये एकही धाव दिली नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. त्या मालिकेत जायंट्स एकच सामना हरले. त्यांना हरवणारा फिलाडेल्फियाचा पिचर चार्ल्स बेंडर हा ओजिब्वे या मूलनिवासी समाजातला. पुढे काही वर्षं मॅथ्यूसनचे चेंडू झेलणारा जायंट्सचा कॅचर जॉन मेयर्स हा कॅलिफोर्नियातल्या कहुइया समाजातला. दोघांनाही पेपरवाले आणि प्रेक्षक 'चीफ' म्हणायचे, आणि त्या हाकेत आदरापेक्षा हिणवणं जास्त होतं. तुमच्या संग्रहात मेयर्ससोबतचा एखादा फोटो असेल तर तो मुलापुढे ठेवा. वाद जिंकायला नाही. त्याने काढलेला विषय त्या कप्प्यातच पडून आहे, हे त्याला दिसावं म्हणून.

बाकी 'संबंध काय' याचं उत्तर तुम्ही कुणालाच देणं लागत नाही. छंदाला जातीचा किंवा रहिवासाचा दाखला लागत नाही. मॅथ्यूसनचा गाजलेला 'फेडअवे' चेंडू त्याच्या नेहमीच्या कर्व्हच्या (वळणाऱ्या चेंडूच्या) उलट दिशेला, उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळायचा. जवळपास त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये बोझांके हा क्रिकेटपटू गुगली घडवत होता. लेगस्पिन टाकणारा माणूस अशा चेंडूवर भाळला तर त्यात नवल कसलं? आता कुणी म्हणेल, मग आपल्या पाळवणकर बाळूंचे फोटो जमवा की. जरूर जमवावेत, पण मिळायला तर हवेत! १९११ मध्ये बाळू इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेत होते आणि त्याच वर्षी मॅथ्यूसन पुन्हा वर्ल्ड सिरीज खेळत होता. एकाभोवती न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांचे कॅमेरे रोज असायचे. दुसऱ्याच्या वाट्याला संघाचे मोजके फोटो आले. ज्याचे फोटो निघाले त्याचेच जमवता येतात, हा या छंदातला अन्याय आहे खरा, पण तो तुम्ही केलेला नाही.

आता लिलाव. तुमचा आग्रह असा की 'हे पोर्ट्रेट नसेल तर संग्रह अपुरा.' मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि मला एक गंमत दिसली. या अकरा हजारांच्या फोटोबद्दल तुम्ही 'अप्रतिम', 'दुर्मिळ', 'पुन्हा मिळणार नाही' एवढंच लिहिलंय. ही विशेषणं लिलावाच्या कॅटलॉगमध्येही असतील. याउलट, साठ डॉलरला घेतलेल्या, कोपरा फाटलेल्या एका प्रिंटवर तुम्ही जवळजवळ पानभर लिहिलंय. विकणाऱ्याने त्यावर '१९१२' लिहिलं होतं. तुम्ही जर्सीवरची 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' ही अक्षरं पाहिलीत आणि ओळखलंत की हा १९०६ चा हंगाम, कारण आदल्या वर्षीच्या विजयानंतर जायंट्सनी ती जर्सी त्या साली घातली होती. मग मागचा लाकडी स्टँड पाहून ताळा केलात, कारण जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स या मैदानाचा तो स्टँड एप्रिल १९११ मध्ये जळाला आणि त्याजागी काँक्रीट-पोलादाचा उभा राहिला. हे लिहिताना तुमचं अक्षरसुद्धा बदललंय. तुम्हाला सुख मिळतं ते फोटो हुडकण्यात आणि ओळखण्यात, हे तुमच्याच पत्रातून दिसतं. तसं सुख देणारा फोटो क्वचितच अकरा हजारांचा असतो. महागड्या फोटोची ओळख पटवण्याचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं, आणि त्याचेच पैसे आपण मोजतो.

तरीही अस्सल-नकलीचा प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी जुन्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या सांभाळात गेली, तेव्हा इथे थोडं सविस्तर लिहिते. हे इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल.

या बाजारात 'टाइप वन' ते 'टाइप फोर' अशी वर्गवारी चालते. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेला प्रिंट तो टाइप वन. त्याच मूळ निगेटिव्हवरून पण नंतर केलेला तो टाइप टू. दुसऱ्या पिढीचा, म्हणजे नक्कल केलेल्या निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, पण त्याच काळात केलेला तो टाइप थ्री, आणि तसाच पण पुष्कळ नंतरचा तो टाइप फोर. टाइप वन आणि टाइप टू यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पण ही दोन वर्षांची रेघ व्यापाराच्या सोयीसाठी आखलेली आहे. दोन वर्षांचा आणि चार वर्षांचा प्रिंट कागदाच्या किंवा रसायनाच्या दृष्टीने एकसारखाच असू शकतो. तज्ज्ञ शिक्का, कागद, मागची टिपणं पाहून मत देतात, आणि प्रमाणपत्र म्हणजे ते मत. चांगल्या माणसाचं मत मोलाचं असतं, पण ते मतच.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी मात्र पक्क्या आहेत. दहापट भिंग घ्या. चित्र ठिपक्यांचं बनलेलं दिसलं, तर ती छपाई आहे. मासिकातलं पान किंवा जाहिरातीबरोबर वाटलेलं चित्र. ते जुनं असू शकतं, पण फोटो नव्हे. मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. साधारण १९५० च्या दशकापासून कागदात चमक आणणारी रसायनं घालू लागले. असा कागद त्या उजेडात निळसर-पांढरा झळकतो. झळकला तर तो १९१० चा नाही, विषय संपला. नाही झळकला तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती रसायनं नसलेला कागद नंतरही वापरात होता आणि नकली माल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. तिसरं, फोटो तिरका धरून गडद भागाकडे आणि कडांकडे पाहा. जुन्या सिल्व्हर प्रिंटवर बरेचदा तिथे पाऱ्यासारखी निळसर झाक येते, चांदी हळूहळू पृष्ठभागावर आल्याने.

आणि एक खूण लोक हमखास विसरतात. पेपरच्या संपादकांनी फोटोवर खडूने चौकटी आखलेल्या असतात, रंगाने पार्श्वभूमी पुसलेली असते. त्या खुणा प्रकाशात तिरपं धरल्यावर पृष्ठभागावर वेगळ्या उठून दिसायला हव्यात. चौकट, भेग, घडी ही सगळी चित्राच्या आतच सपाट दिसली, तर तुमच्या हातात फोटोचा फोटो आहे.

मॅथ्यूसनच्या बाबतीत आणखी एक सापळा. तो १९२५ मध्ये, सारानॅक लेक इथे, क्षयाने गेला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनासाठी, पहिले पाच खेळाडू निवडले गेले: कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. त्या पाचांत तो दिवस न पाहिलेला हा एकटाच. साहजिकच त्यानंतर पेपरांना त्याचे जुने फोटो पुन्हा पुन्हा लागले असणार. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची तारेने फोटो पाठवायची सेवा सुरू झाली १ जानेवारी १९३५ ला. म्हणजे 'वायरफोटो' शिक्का असलेला मॅथ्यूसन त्याच्या मरणानंतर निदान नऊ वर्षांनी कागदावर उतरलेला असतो, समोर तो पंचविशीचा तरुण दिसत असला तरी. असे प्रिंट स्वस्त असतात आणि मला ते आवडतात. फक्त ते १९०५ चे म्हणून कुणी गळ्यात मारू नयेत.

फोटोग्राफरच्या नावाचंही असंच. चार्ल्स कॉनलन हा न्यूयॉर्कच्या एका संध्याकाळच्या दैनिकात मुद्रितशोधक होता. १९०४ पासून तो फावल्या वेळात मैदानावर जाऊन काचेच्या प्लेटवर खेळाडूंचे फोटो काढू लागला, आणि आज त्याच्या शिक्क्याला सोन्याचा भाव आहे. बॉस्टनचा कार्ल हॉर्नर स्टुडिओत खेळाडूंना बसवून पोर्ट्रेट काढायचा. पॉल थॉम्पसनने काढलेली चित्रं सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डांवर गेली. नावाला भाव आला की शिक्केही नव्याने तयार होऊ लागतात. खरा शिक्का कसा आहे ते पाहायचं तर त्या फोटोग्राफरचे खात्रीचे, संस्थांमधले प्रिंट पाहावे लागतात. अक्षरांची वळणं, शाईचा कागदात मुरलेला रंग, आणि तो पत्ता त्या वर्षी त्याचा होता का, एवढं तपासलं तरी पुष्कळ कळतं.

विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारा: हा फोटो आधी कुणाकडे होता? ही औपचारिकता नव्हे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला १९२१ मध्ये ए. जी. स्पॉल्डिंगचा मोठा बेसबॉल संग्रह देणगी मिळाला, आणि पुढे त्यातल्या वस्तू चोरीला गेल्या. चोरलेल्या काही वस्तू लिलावांत उगवल्या. मागचा भाग खरवडलेला, एखादा शिक्का पुसलेला किंवा त्यावर नवा कागद डकवलेला दिसला तर किंमत कितीही मोहात पाडणारी असो, लांब राहा. चोरीची वस्तू तुम्ही अजाणता घेतलीत तरी ती तुमची होत नाही.

आता पैशांचं. 'ही गुंतवणूकही आहे' असं तुम्ही दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा लिहिताना तुमचाही त्यावर फार विश्वास बसला नसावा. अंदाज अकरा हजारांचा आहे, किंमत नव्हे. बोली तिथेच थांबली असं धरलं, तरी लिलावघरं बोलीवर वीसेक टक्के 'बायर्स प्रीमियम' लावतात, म्हणजे तेरा हजार दोनशे. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर. चौदा हजार झाले, आणि टपाल-विमा बाकीच आहे. उद्या हाच फोटो विकायचा झाला तर विकणाऱ्याचं कमिशन जाणार, आणि नफा झालाच तर अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्राचा कर अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत लागू शकतो. शेअर्सना तो त्याहून कमी पडतो. म्हणजे पैसे सुटायलाच भाव चांगला चढावा लागेल. शिवाय मॅथ्यूसनसाठी एवढे पैसे मोजणारी माणसं मुळात थोडी, आणि त्यांपैकी दोघं त्या दिवशी जागी असतील तरच भाव चढतो. आवडला म्हणून घेतला असं म्हणावं, ते प्रामाणिक आहे. गुंतवणूक म्हणून घ्यायचा असेल तर नका घेऊ.

आणि आता 'तिला यातलं काही कळत नाही' ही ओळ. तुम्हाला वाटतं, पत्नीला हा छंद आवडत नाही म्हणून तुम्ही लपवता. मला पत्रात तसं काही सापडलं नाही. सापडलं ते असं: सुरुवातीला एकदा तिने 'केवढ्याला पडला?' विचारलं, तुम्ही निम्मी किंमत सांगितलीत, आणि तिथून पुढचं सगळं त्या निम्म्या किमतीला सांभाळत चाललंय. तिने नापसंती दाखवलीच असेल तर ती तुम्ही लिहिलेली नाही. तिला तुम्ही मत द्यायची संधीच दिलेली नाही, आणि मनात मात्र तिचा नकार गृहीत धरून त्याच्याशी भांडताय. स्वयंपाकघराचे पैसे दोघांचे आहेत. त्यांतून फोटो घेतलात आणि ती काही बोलली नाही, तरी ते घेणं एकट्याचं असेल. माझं मत विचाराल तर या लिलावात हात वर करू नका. फोटो वाईट आहे म्हणून नव्हे. तो घरी आणण्यासाठी तुम्हाला आणखी एक खोटी किंमत सांगावी लागेल म्हणून.

मग काय करायचं? येत्या शनिवारी-रविवारी संग्रह टेबलावर काढा. सगळा. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक फोटोची खरी किंमत तिच्यासमोर लिहा. हे अवघड जाईल. ती रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, आणि तो राग फोटोंवर नसून निम्म्या किमतींवर असेल हे लक्षात ठेवून ऐकून घ्या. 'तू दागिने घेतेस तेव्हा' हे वाक्य तोंडाशी येईल. गिळा. त्यानंतर दोघांनी मिळून छंदासाठी वर्षाचा एक आकडा ठरवा, आणि त्या आकड्यात तुम्ही काय घेता यावर कुणी प्रश्न विचारायचा नाही, असंही ठरवा. तिच्याही कशासाठी तरी तेवढाच आकडा ठेवा. पार्सलं घरी येऊ देत.

आकडा छोटा निघाला तर चाळीसांतले काही फोटो विकता येतील. तुम्हीच लिहिलंय की सुरुवातीची डझनभर खरेदी 'मिळतंय म्हणून' झाली. ती काढून टाकलीत तर जागाही होईल आणि थोडे पैसेही. वर्ष-दोन वर्षांनी असंच एखादं पोर्ट्रेट पुन्हा येईल. लिलाववाले 'पुन्हा मिळणार नाही' म्हणतात ते मुलाकडच्यांनी 'उद्यापर्यंत कळवा' म्हटल्यासारखं असतं. स्थळं येत राहतात. तोवर मॅथ्यूसन भिंतीवर हवाच असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेच्या सुमारे चाळीस हजार काचेच्या निगेटिव्हज आहेत आणि त्यांत मॅथ्यूसन आहे. मोठ्या आकाराची फाइल फुकट उतरवून घेता येते. चांगल्या स्टुडिओतून छापून आणा, फ्रेम करा, उन्हात लावा, काही बिघडत नाही. मूळ प्रिंट मात्र भिंतीवर नकोत, उजेडाने ते फिके आणि पिवळे पडतात.

सांभाळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कप्प्याचं वर्णन वाचून राहवत नाही. बाजारातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात आणि ते फोटो खातात. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं आणि आम्लरहित कागदाचा डबा घ्या. 'फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट' (पाकिटामुळे फोटो बिघडत नाही ना, याची चाचणी) पास असल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. माळा आणि तळघर दोन्ही टाळा, घराच्या मधल्या खोलीतलं कपाट बरं. हवेतली आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत राहिली की पुरे. लॅमिनेशन कधीच नाही. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. मागचा जुना कागद, गोंदाचे डाग, संपादकाच्या रेघा हे साफ करायच्या भानगडीत पडू नका. फोटोचा अर्धा इतिहास तिथेच असतो. विमा उतरवलेला नसेल तर घराच्या पॉलिसीत अशा वस्तूंना किती मर्यादा आहे ते एकदा विचारा. बरेचदा ती हास्यास्पद असते आणि वेगळी यादी जोडावी लागते. ती यादी करायला पत्नीला किमती ठाऊक असाव्याच लागतील, हा आणखी एक फायदा.

निवृत्तीनंतर सगळं सांगलीला न्यायचा विचार आहे म्हणता. दोनदा विचार करा. २००५ आणि २०१९ ला कृष्णेने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि पूर नसला तरी आपल्याकडचा पावसाळा फोटोवरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी धरायला पुरेसा असतो. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू एकदा भारतात गेली की पुन्हा बाहेर काढताना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. नेण्याआधी जाणकार वकिलाला विचारून घ्या.

'माझ्यानंतर कुणाला हवंय?' हा तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाला नको असेल, तर नको. त्याने ते सांभाळावं अशी अट घालून संग्रह त्याच्या गळ्यात टाकणं बरं नव्हे. पण कुणालाच नको हे तुम्ही कशावरून ठरवलंत? कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमचं ग्रंथालय आहे. लुईसबर्गचं बकनेल विद्यापीठ आहे, जिथे मॅथ्यूसन शिकला, जिथल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे आणि ज्या गावात तो पुरलेला आहे. अशा संस्था सरसकट सगळं घेत नाहीत. त्यांच्याकडे असलेला फोटो त्यांना पुन्हा नको असतो. पण ज्याचं वर्ष, जागा आणि सोबतची माणसं नीट ओळखून लिहिलेली आहेत, असा साठ डॉलरचा फोटो त्यांच्या संशोधकांना उपयोगाचा ठरू शकतो. आज तुमच्या डोक्यात असलेली ती सगळी ओळख कुठेही लिहिलेली नाही. १९०६ ची जर्सी, जळालेला स्टँड, सिनसिनाटी संघाच्या पोशाखातला १९१६ नंतरचा मॅथ्यूसन, १९१८ चा सैनिकी गणवेश, हे तुम्ही ओळखता आणि कप्प्याला कुलूप लावता. प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करा आणि काय दिसतं, कशावरून ठरवलं, कुणाकडून, केव्हा, केवढ्याला घेतलं, हे एका तक्त्यात लिहून काढा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, इंग्रजीत केलंत तर संस्थेला सोपं. तो तक्ता नसेल तर तुमच्यानंतर घर आवरणाऱ्याला चाळीस जुने फोटो आणि एक अनोळखी गोरा माणूस एवढंच दिसेल.

इतर वाचकांसाठी इथेच एक गोष्ट. या सदराकडे जुन्या नाटकमंडळींचे, कुस्तीगीरांचे, आजोबांच्या क्रिकेट संघाचे फोटो जमवणाऱ्यांचीही पत्रं येतात. खेळ आणि देश बदलला तरी वरच्या चाचण्या तशाच लागू पडतात. भिंग, टॉर्च, तिरका उजेड, मागची बाजू. आणि आपल्याकडे अजून एक काम निकडीचं आहे: फोटोतली नावं सांगू शकणारी माणसं हयात असतानाच ती विचारून घेणं. मॅथ्यूसनच्या संघातल्या प्रत्येकाचं नाव छापील नोंदींत सापडतं. १९५२ सालच्या मिरजेच्या एखाद्या संघातला तिसऱ्या रांगेतला मुलगा कोण, हे कदाचित एकाच आत्याला ठाऊक असेल.

मुलाला घेऊन एकदा कूपर्सटाउनला जाऊन या, न्यू जर्सीहून तीन-चार तासांची गाडी आहे. बरोबर पत्नीलाही न्या. ती कंटाळली तर गावात बसायला तळं आहे.

आणि एवढं सगळं वाचूनही लिलाव डोक्यातून जात नसेल, पत्नीने आकडे पाहून मनापासून 'घे' म्हटलं असेल, तर बोली लावण्याआधी लिलावघराला आजच लिहा. मागच्या बाजूचा मोठ्या आकाराचा फोटो मागा, तिरक्या उजेडात काढलेला समोरचा एक मागा, आणि आधीच्या मालकांची माहिती विचारा. प्रीमियम आणि करासह वरची मर्यादा कागदावर लिहून तो कागद पत्नीकडे द्या, आणि बोली तिच्या शेजारी बसून लावा. मागची बाजू दाखवायला त्यांनी टाळाटाळ केली, तर पुढचं काहीच करायची गरज नाही.